ट्रेनिंगला गेलेली मुलगी

आईस, कोइम्बतूरहून भाविकाचा रागावलेला नमस्कार.

फोनवर तू बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितेय. मी इथे रेसच्या ट्रॅकवर बाईक चालवायला आलेय आणि तू बेलपाड्यात सगळ्यांना सांगतेस, पोरगी ऑफिसच्या ट्रेनिंगला गेलीय.

धनेशदादा हायवेवर बिनाहेल्मेट सुसाट जातो, तेव्हा 'पोरगा डेरिंगवाला हाय' म्हणतेस. इथे समोरून ट्रक येत नाही, कुत्रं आडवं जात नाही, अँब्युलन्स तयार असते. काल वळणावर बाईक इतकी झुकवली, की पहिल्यांदा गुडघा ट्रॅकला टेकला आणि मी आनंदाने हेल्मेटमध्येच ओरडले. ते कुणाला सांगू?

जेवण बरं आहे. तुझी कंबर कशी आहे?

अपघात झाल्यास कुणाला कळवायचं, तिथे मी तुझाच नंबर दिलाय. फोन आलाच, तर काय सांगशील लोकांना? ट्रेनिंगमध्ये पडली?

तुझीच,
भाविका