अंतोनच्या होडीचा नवा दोर

भाईंदर, श्रावण, १९७१

आज उत्तनला अंतोनच्या होडीचा शिडाचा दोर बदलला. माझा हा दोस्त आषाढात गेला. नारळीपौर्णिमेनंतर होडी त्याचा भाऊ समुद्रात नेणार.

डोलकाठीवर कोण चढणार? म्हणून रीतीप्रमाणे जुन्या काथ्याच्या दोराच्या टोकाला नवा नायलॉनचा बांधला आणि मी जुना ओढत राहिलो. नवा कप्पीतून फिरून खाली आला. अंतोनचा सगळा दोर माझ्या हातात. रडू येईल वाटलं होतं... शाळेत संस्कृत शिकवतो, शोकाचे श्लोक पाठ आहेत, एकही आठवला नाही.

"मास्तर, सोडा आता," अंतोनची बायको मारी म्हणाली. "का संस्कृतात सोडायची पद्धत न्हाय?"

सगळे हसले. मीही, बहुधा.

"सोडतोय, वहिनी," म्हणालो.

मग तिनेच माझी बोटं एकेक करून उघडली.