फुलांशिवायचं लग्न

बुसान, उपवासकाळातला दुसरा सोमवार

माझ्या ताईला धाकट्या ओक्‌बुनचा वाकून नमस्कार.

आधी खुर्चीत बस, मग वाच. मी लग्न करतेय! येत्या शनिवारी, चर्चमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावरच्या चोन्‌सिकशी. सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा नवरी! माझे पहिले 'हे' स्वर्गातून बघून हसत असतील.

फादर म्हणाले, "अहो, उपवासकाळात लग्न? ईस्टरपर्यंत थांबा की! आता वेदीवर फुलं नाहीत, गाणंबजावणं नाही."

मी म्हटलं, "फुलं कोवळ्या पोरींना लागतात, फादर. आम्हाला आशीर्वाद पुरे."

"आणि रोषणाईला माझं टक्कल आहेच," चोन्‌सिक म्हणाला. फादरना हसू आवरेना. तारीख मिळाली!

जेवायला सुक्या मासळीच्या रश्शातल्या लग्नाच्या शेवया. मांस नाही, म्हणजे कुणी नाक मुरडायला नको. तू दिलेला निळा हानबोक घालणार आहे. तुझा गुडघा कसा आहे? बोट लागते म्हणून येणं टाळू नकोस हं, मी धक्क्यावर उभी असेन.

एवढी घाई कशाला, असं विचारशीलच. काळजी करू नकोस, तो छान खातोपितो. पुढच्या आठवड्यात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, बरा होईल. मागे त्याला इस्पितळात नेलं, तेव्हा नर्सनं विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" मी म्हटलं, "शेजारीण." तिनं मला बाहेर बसवलं.

या वेळी मी 'बायको' म्हणणार आहे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
ओक्‌बुन