माझ्या मागं बघणारी माणसं

३ तारीख, मंगळवार

नाही, रडत नाही आले. हसतच आले. नव्या घरात पहिल्याच दिवशी नाक ओढत कोण शिरतं? वन्संनी दारातच मिठी मारली. त्यांच्या बारच्या वरची खोली मला दिलीय. खिडकीतून समोरचं न्हाव्याचं दुकान दिसतं. नळाला पाणी आहे. खाट करकरते, पण एकटीला कोणाची लाज!

बार खाली. भर दुपारीही अंधार, पिणाऱ्याला उजेड चावतो म्हणे. टेबलावर एकेक पिवळा दिवा, तोही लाजरा. वन्संचं म्हणणं, भिंती ओक्याबोक्या दिसतात, गिऱ्हाइकांचे फोटो लावू. पण नकळत काढलेले हवेत, दात विचकून बसलेले नकोत. म्हटलं, कॅमेरा ह्यांचा, हात माझा. चौथी शिकलेल्या वहिनीला नोकरी लागली!

हे गेल्यावर सगळे ह्यांना 'ते' म्हणायला लागले. ते असे होते, ते तसे होते. मी अजून 'हे'च म्हणते. बाईचा नवरा 'ते' झाला की लांब गेला.

गावभराचे फोटो काढले ह्यांनी, स्वतःचा एक नाही. लग्नातसुद्धा कॅमेरा दुसऱ्याच्या हातात देईनात, म्हणून माझ्या लग्नाच्या फोटोत मी एकटीच. वन्संकडे लहानपणचा एक आहे, त्यात हे हललेत, चेहरा पुसट. वन्सं म्हणाल्या, चेहरा आठवतो ना? म्हटलं, हजारात ओळखीन.

७ तारीख, शनिवार

फ्लॅश मारला की माणूस चोरासारखा दिसतो, हे ह्यांनीच शिकवलं. मग अंधारात श्वास धरून बसायचं. हे सगळ्यांना म्हणायचे, हलू नकोस. मला वेणी घालतानाही म्हणायचे.

कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसले. रोज येणारा एक टायवाला आहे, त्याला म्हटलं, साहेब, टाय ग्लासात पितोय. तो खाली बघतोय तोवर मी खटका दाबला. वर येऊन न्हाणीत लाल दिवा लावून फोटो धुतले. सकाळी भांडी, दुपारी माणसं!

सगळे वाया. टायवाला ग्लासात बघतच नाहीये. माझ्या डोक्यावरून मागं बघतोय. बाकीचेही तिकडंच. मागं तर भिंत.

११ तारीख, बुधवार

डोक्यावर मिऱ्या वाटतात ही माणसं! आज एक जाडी बाई पोट धरून हसत होती. फोटोत तोंड हसतंय, डोळे मात्र तिथंच, माझ्या मागं. भिंग पुसलं, कॅमेरा बदडून झाला. वन्सं ओरडल्या, वहिनी, ह्या तोंडांकडं बघत कोण पिणार? म्हटलं, तुमची दारू बघून घाबरलेत.

जाता जाता टायवाल्यानं विचारलं, काकू, तुमच्या मागं कोण उभं असतं? चेष्टाच करायची होती. म्हटलं, कोण असणार, आमचे हे!

तो हसला नाही. पुढ्यातला ग्लास तसाच टाकून गेला.

१४ तारीख, शनिवार

आजचे धुतले. नजरा खाली आल्यात. आधी डोक्यावरून जायच्या, आता कानाशी. कोणी तरी माझ्यावर वाकल्यासारखं. भिंग घेऊन त्या जाड्या बाईच्या डोळ्यात बघितलं. बुबुळात मी, एवढीशी, आणि मागं एक पुरुष.

सापडले! वैताग, शिव्या, सगळं वसूल झालं. चेहरा तेवढा अंधारात आहे. उद्या जवळून काढते. शेवटी ह्यांचा एक तरी फोटो होईल.

१६ तारीख, सोमवार

काल टायवाल्याच्या नाकाशी जाऊन काढला. डोळा मोठा करून धुतला. चेहरा आला. नाचत वन्संना दाखवायला गेले.

वन्संनी फोटो टेबलावर पालथा घातला. म्हणाल्या, वहिनी, हा दादा नाही.

मी भांडले. बहीण ती बहीण, बायको ती बायको, तुम्हाला काय ठाऊक! वन्सं मग हळूच म्हणाल्या, दादाच्या हनुवटीवर खळी होती. दाखवा बरं कुठाय?

मी फोटो उचलला आणि वर आले.

१७ तारीख

टायवाला आला नाही. जाडी बाई दारातूनच माझ्याकडं बघून परतली. माझ्याकडं नाही—

खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली होती. उठून आले तर भिंतीपासून हातभर पुढं. मधे एक माणूस मावेल एवढी जागा.

१८

कोणाचा फोटो काढत नाही आता. तरी कॅमेऱ्याचा खटका वाजतो. माझ्या हातात नसताना.

मानेवर श्वास. ऊन ऊन.

वन्सं दार बडवतायत. वहिनी, उघडा. वहिनी, आत कोण बोलतंय—

पुन्हा खटका

कानाशी म्हणाला, हलू नकोस.

ह्यांचंच बोलणं. पण तेवढं तर सगळेच फोटोवाले म्हण— आवाज— आवाजही नीट—

'तो' लिहू की 'हे' लिहू?

वन्संना सांगितलं नाही. खळी मला आठवत नाही. नाक आठवत नाही, काहीच नाही. ह्यांचा चेहरा मी केव्हाच विसरलेय. हजारात ओळखीन म्हटलं ते खोटं. मी चेष्टेत 'हे' म्हटलं आणि जो कोण मागं उभा होता त्यानं ओ दिली. आता मागं वळते. कोणाचाही चेहरा असू दे, मी त्याला 'हे'च म्हण—