स्टोव्हमागची भिंत

इगतपुरी,
१४ नोव्हेंबर १९८३

चि. सिंधूस सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तू दिवाळीच्या सुटीत आठ दिवसांसाठी आलीस आणि दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीने नाशिकला परत गेलीस. ताटातली भाकरी तशीच होती. मी काही बोललो का, आठवून पाहिलं. पण मी फारसं बोलतच नाही.

काल शेजारच्या गोजराबाई म्हणाल्या, सावळीरामभाऊ, चांगुणाने पोरीसाठी लिहिलेली भिंत पुसलीत आणि वर कारण विचारता? गेल्या महिन्यात रेल्वेची माणसं क्वार्टरला चुना मारायला आली होती. आई तुझे इंग्रजी शब्द स्टोव्हमागच्या भिंतीवर खडूने उतरवायची, हे मला माहीत होतं. शब्द तुझ्या वहीत असतीलच, असं मी धरून चाललो. चुकलं असेल तर कळव.

वत्सलाताईस जयभीम सांग. लोभ असावा, हे आता मीच म्हणायला हवं.

तुझे बाबा

*

इंदिरानगर, नाशिक,
१७ नोव्हेंबर १९८३

ती. बाबांस सविनय जयभीम. वि. वि.

शब्द वहीत आहेत. आईची उदाहरणं फक्त भिंतीवर होती.

आई चौथी शिकलेली. मी इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत लिहून द्यायचे, अर्थ सांगायचे. घरातलं एक उदाहरण जुळेपर्यंत ती भाकरी तव्यावर टाकायची नाही. ते जुळलं की भिंतीवर लिहायची आणि पुढच्या सुटीत तिथूनच माझं पाठांतर घ्यायची. ऑगस्टमध्ये ती गेली, तेव्हापासून ऐकणारं कोणी नाही. इथे वत्सलाआत्या दुसऱ्या शब्दाला जांभई देतात.

मी कॉलेजात इंग्रजी विषय सोडून मराठी घेणार आहे. अर्ज लिहून ठेवलाय, महिनाअखेर देईन. तुमच्यावर राग नाही. पण तिकडे यावंसं वाटत नाही.

जपून राहावे.

सिंधू

*

इगतपुरी,
२० नोव्हेंबर १९८३

चि. सिंधूस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पार्सल ऑफिसातच वाचलं. राग नाही असं लिहिलंस, तो असता तर बरं झालं असतं.

तुला आठवतात तेवढे शब्द आणि आईची उदाहरणं लिहून पाठव. मी भिंतीवर उतरवतो. माझं इंग्रजी पार्सलच्या पावतीपुरतं, पण तुझ्या आईला तर तेवढंही येत नव्हतं. अर्ज तोवर देऊ नकोस. हुकूम नाही, विनंती आहे.

उत्तराची वाट पाहतो.

तुझे बाबा

*

इंदिरानगर, नाशिक,
२३ नोव्हेंबर १९८३

ती. बाबांस सविनय जयभीम. वि. वि.

आठवलं तेवढं लिहिते.

पर्सॉनिफिकेशन, निर्जीवाला माणूस करणं: आज स्टोव्ह रुसलाय.

हायपरबली, वाढवून सांगणं: गोजराबाईंच्या घोरण्याने घाटातले बोगदे ढासळतील. (हे त्यांना वाचू देऊ नका.)

सिमिली, उपमा: तुझे बाबा मालगाडीसारखे, उशिरा येतात पण सगळं घेऊन येतात.

अपॉस्ट्रफी, समोर नसलेल्या माणसाशी तो समोर असल्यासारखं बोलणं. हा शब्द इंग्रजीच्या बाईंनी आई गेल्यावर शिकवला, म्हणून तिचं उदाहरण नाही.

काळजी घ्यावी.

सिंधू

*

इगतपुरी,
२६ नोव्हेंबर १९८३

चि. सिंधूस आशीर्वाद. वि. वि.

सगळं खडूने उतरवलं. अक्षर कचेरीतलं आहे, आईसारखं वाकडं आणि मोठं येत नाही. गोजराबाई साखर मागायला आल्या नि बोगद्यांचं वाचूनच गेल्या. म्हणाल्या, बोगदे अजून उभे आहेत, चांगुणाला कळवा. मालगाडीचं मला तुझ्या पत्रातूनच कळलं. बावीस वर्षांच्या संसारात ती हे मला कधी बोलली नव्हती.

चौथ्या शब्दापुढे जागा रिकामी आहे. मला एक सुचतं. ड्युटीवर निघताना मी रोज दारात म्हणतो, चांगुणा, कडी लावून घे. मग बाहेरून कुलूप मीच लावतो. हे उदाहरण बसतं का, ते बाईंना विचार. बसत नसेल तर ती जागा तशीच राहू दे.

वत्सलाताईस जयभीम.

तुझे बाबा

*

इंदिरानगर, नाशिक,
२९ नोव्हेंबर १९८३

ती. बाबांस सविनय जयभीम. वि. वि.

बाईंना विचारलं नाही. बसतं. लिहून ठेवा.

अर्ज फाडला. शनिवारी दुपारच्या पॅसेंजरने येते, माझं पाठांतर घ्यायला तुम्हाला बसावं लागेल. रविवारी तुमची ड्युटी असते. निघताना कुलूप लावू नका. मी आत असेन.

सिंधू