पुलावरचा लोहार

१० ऑक्टोबर, गुरुवार
यॉर्न आजही आला नाही. फोन बंद.

डेटलेफ आणि वीबके खेळायला आले. नको म्हणायचं राहूनच गेलं होतं. डेटलेफ यॉर्नचा शाळेपासूनचा मित्र, वीबके माझी धाकटी बहीण. नवरा घरी नाही म्हणून मला दोघांना परत पाठवावंसं वाटेना. बटाट्याचं सॅलड केलं होतंच.

मागच्या गुरुवारी अर्धवट राहिलेला पट मांडला. आमच्या चौघांचे वीर, म्हणजे सोंगट्या, अरुंद पुलावर एकामागे एक, सगळ्यांत पुढे यॉर्नचा लोहार. नियम म्हणतो — गैरहजर खेळाडूचा वीर जागीच थांबेल, कोणी हलवू नये, ओलांडूही नये. म्हणजे आम्ही अडकलो!

"आला की बघू," वीबके म्हणाली. पट तसाच ठेवला.

१४ ऑक्टोबर
त्याची सायकल सापडली. फुल्डा नदीच्या काठावर, कुलूप लावलेली.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
पाणबुडे नदीतून रिकाम्या हातांनी आले. मी घरातच बसून राहिले. डेटलेफ काठावर गेला होता. तिथून थेट इकडेच आला, बूट चिखलात माखलेले.

वीबकेही आली. पटाभोवती बसलो. डेटलेफनं नियमांची पुस्तिका चाळली. "हे बघ — खेळ सोडून गेलेल्याचा वीर उचलावा, सामान इतरांनी वाटून घ्यावं."

"तो गैरहजर आहे," मी म्हटलं.

"कधीपर्यंत गैरहजर? लिहिलंय कुठे?"

"कधी सोडला म्हणायचा, तेही नाही लिहिलेलं!"

"आल्मुट, यॉर्नच म्हणायचा ना, शंका आली की खेळ पुढे सरकेल तो अर्थ घ्या —"

"अरे, गप बस की!" वीबके ओरडली. "तिच्यासमोर बोलतोयस!"

त्यानं लोहाराकडे हात नेला. मी फटकन त्याच्या हातावर मारलं. लाल वळ उठला. चूक माझीच. पण तो रागावला नाही, रडायला लागला. "मी उभा होतो तिथे," म्हणाला. "दरवेळी पाणबुडा वर यायचा आणि मला वाटायचं — आता."

मग दाराशी जाऊन बूट घालत बसला. नाडीची गाठ सुटतच नव्हती. वीबकेनं सोडवून दिली.

२ नोव्हेंबर
आईचा फोन. "जेवतेस ना?" हो म्हटलं.

१९ नोव्हेंबर
वीबकेनं काय करावं! खेळ बनवणाऱ्याचा नंबर शोधला आणि फोन माझ्या कानाला लावला. आवाजावरून म्हातारे वाटले. मागे कुत्रा भुंकत होता. मी दोन्ही नियम वाचून दाखवले, चौघांचे वीर पुलावर अडकलेत म्हटलं, विचारलं, यातला कुठला धरायचा?

"अरेच्चा," म्हणाले. "हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. लिहिताना वाटलं, माणूस एकतर येतो, नाहीतर कळवून जातो." मग म्हणाले, "तुम्ही चौघं मिळून ठरवा ना. ठरवाल तोच नियम."

"तिघं," मी म्हटलं.

ते 'बरं' म्हणाले. त्यांना काय कळणार! वीबकेला कळलं. तिनं फोन काढून घेतला आणि माझा हात धरून बसली. यॉर्न गेल्यापासून मी 'तिघं' कधी म्हटलं नव्हतं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
लोहार मीच उचलला. त्याची दाढी यॉर्ननं एकाच केसाच्या कुंचल्यानं रंगवली होती, भिंग लावून, जीभ बाहेर काढून.

हातोडा डेटलेफला दिला, कंदील वीबकेला. ढाल मी घेतली. पूल ओलांडला. पलीकडे नुसतं माळरान. कोणी खूश झालं नाही.

डेटलेफ म्हणाला, "चर्चमध्ये बोलू का? शव नसलं तरी प्रार्थना करता येते." मी हो म्हटलं. आठवडा नाताळाआधीचा धरला. सासूबाईंना मीच फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू थकलीस, पोरी. झोप आता."

झोपले. खरंच झोप लागली.

३ डिसेंबर
पोलिसांचा फोन. यॉर्न सापडला. सुखरूप आहे, त्यांचं त्याच्याशी बोलणं झालं. कुठे आहे ते सांगता येणार नाही — त्याचीच तशी इच्छा आहे.

"माझ्यासाठी काही निरोप?"

"नाही, बाई."

मी आभार मानले. आभार!