सानिकाचा कॉम्प्युटर माझ्याकडं होता तेव्हा

सोमवार, ३ ऑक्टोबर २००५
सगळ्यात आधी कोण आलं, तर समोरची मालन. टेम्पो दारात थांबायचा अवकाश, हात पुसत हजर. "काय गं म्हातारे, या वयात नवीन टीव्ही व्हय?" म्हटलं, टीव्ही न्हाय, कॉम्प्युटर हाय, माझ्या नातीचा. मग तिची सून आली, मग कोपऱ्यावरचा गिरणीवाला. चहाचं आधण दोनदा ठेवलं. घर भरल्यागत वाटलं.

विलास मात्र रागात. माझाच मुलगा, पण चिडला की अगदी बापासारखा दिसतो. सानिका नववीत, चाचणीत गणितात नापास. "दिवसभर त्यात गाड्या पळवत बसती, आई. आम्ही दोघं कामावर. तुझ्याकडं राहू दे. शाळा सुटली की इथं येईल, तुझ्या नजरंखाली बसंल." सून सुरेखा म्हणाली, "आत्या, त्यातलं आम्हाला काय कळतंय?"

मला तरी कुठं कळतंय? चौथी शिकले मी. पण रोज येणार म्हटल्यावर... लगेच हो म्हणाले. हे गेल्यापासून आतल्या खोलीत संध्याकाळी दिवा लावायला काही कारणच नव्हतं.

बुधवार, ५ ऑक्टोबर
आली! घट बसलेत, मला उपास, तरी तिच्यापुरते पोहे केले. शेंगदाणे जास्त. तिला आवडतात, तिच्या आजोबांनाही आवडायचे, ते तर वेचून वेचून... असो.

खुर्ची ओढून शेजारी बसले. "आज्जी, किती चिकटून बसतीस?" "मग! नजर ठेवायला सांगितलंय." गाडी पळवत होती. मी विचारलं, ही गाडी चालली कुठं? "कुठं न्हाय गं, नुसती पळवायची." मग एवढी घाई कशाला? पोट धरून हसली पोरगी, खेळ बंदच केला.

मग म्हणाली शाळेचा प्रकल्प हाय, 'आमच्या घरातलं पाणी'. "तू लहान असताना पाणी कुठनं आणायचीस?" सांगत बसले. शाहूवाडीकडचा आमचा झरा, उन्हाळ्यात वाटीवाटीनं भरायची घागर, तिथं झालेली भांडणं, कुणाच्या सुनेनं कुणाची घागर पालथी केली. "आज्जी, विषयावर ये की!" ती बोटं आपटत होती आणि माझं बोलणं काचेवर उमटत होतं. घागर म्हटलं की घागर. मालनला सांगितलं तर खरं वाटेना तिला.

शनिवार, ८ ऑक्टोबर
आज माऊस धरला. बाण कोपऱ्यात जाऊन बसला, काही केल्या बाहेर येईना. सानिकानं माझ्या हातावर हात ठेवून फिरवला. किती दिवसांनी कुणी हात धरला.

मधेच विचारलं, गणिताचं काय झालं गं बाई? म्हणाली दुसऱ्या धड्यापासनंच कळंना झालं. "घरी का सांगितलं न्हाईस?" "कुणी विचारतंय कुठं? मार्क तेवढे विचारतात."

विलासला सांगायला पाहिजे. पण सांगितलं तर तो शिकवणी लावणार, संध्याकाळची. मग ही इकडं कधी...
आज नको. बघू.

मंगळवार, ११ ऑक्टोबर, खंडेनवमी
सकाळी विळी, खुरपं, यांचा हातोडा, सगळं धुऊन मांडलं. कॉम्प्युटरलाही झेंडूची माळ घातली, हळदीकुंकू लावलं. देखणा दिसत होता.

सानिका आली ती घाईत. "आज्जी, माळ काढ की. परवा द्यायचा हाय प्रकल्प." म्हटलं, पूजेला मांडलेलं हत्यार उद्या सोनं वाटल्याशिवाय चालवायचं न्हाय. तुझे आजोबा हातोड्याला हात लावत नव्हते. डोळ्यात पाणी आलं तिच्या. दप्तरातली ती चौकोनी फ्लॉपी चाचपली, त्यात सगळं लिहिलेलं असतं म्हणे, आणि गेली. पोहे तसेच.
वाटलं, येईल उद्या.

बुधवार, १२ ऑक्टोबर, दसरा
आली, पण आईबापाबरोबर, मान खाली घालून. सोनं हातात द्यायच्या आधीच विलास सुरू. काल त्याच्या कारखान्यातल्या कुणीतरी तिला नेट कॅफेत बघितलं. एकटी, सगळ्या पोरांच्यात. "विकूनच टाकतो हे! वही-पेन बास झालं हिला."

मी म्हटलं, माझ्यामुळं गेली ती. मी माळ काढू दिली न्हाय. फ्लॉपी घेऊन प्रकल्प छापायला गेली हुती.
"आई, तुला त्यातलं काय कळतंय?"
"काय कळत न्हाय. शेजारी बसती मी, विचारती. तुम्ही कधी बसलाय?"

सुरेखानं खाली बघितलं. मी स्वतः माळ काढली. म्हटलं सानिका, दाखव तुझ्या बापाला. तो वाचत गेला. झऱ्याशी आला आणि थांबला. "हे तू लिहिलंस?" आवाज खाली आलेला. मग गणिताचंही मी सांगितलं. चार दिवस पोटात ठेवलं होतं. दुसऱ्या धड्यापासनं, म्हटलं. पोरगी रडली, पण मोकळी झाली.

विलास म्हणाला, "मग असं कर आई. हे राहू दे तुझ्याकडंच. तू बसतीसच की."
नुसतं बरं म्हणायचं होतं मला. तोंडाशी आलेलं.
पाणी आणायचं निमित्त करून आत गेले. बाहेर येऊन म्हणाले, "न्हाय. पोरगी तुमची हाय. घेऊन जावा, बाहेर सोप्यात सगळ्यांसमोर ठेवा, आणि दोघातलं एक रोज बसा तिच्याजवळ. कळू दे न्हायतर न कळू दे."
सानिका माझ्याकडं बघतच राहिली. काय म्हणून बघत होती, कुणास ठाऊक.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर
टेम्पो आला, गेला. यावेळी मालन बाजारात, बघायला कुणी नाही. सुरेखा पाया पडली, म्हणाली काल सानिका अभ्यास करत होती तर शेजारी बसले अर्धा तास, स्वयंपाक ठेवून. गणिताची शिकवणी लागली, संध्याकाळी सहाची. चांगलं झालं. खरंच चांगलं झालं.

टेबलाची जागा झाडून घेतली. माठ ठेवावा म्हटलं तिथं. नको, बसायला जागा लागेल.
रविवारी जेवायला येतो म्हणालेत, तिघंही.