चवीचा चमचा

२ नोव्हेंबर
आजपासून मी दादाच्या तेलघाण्यावर कामाला लागलो. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. खाली घाणा, वर दोन खोल्या, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात माझी स्वतःची खाट! जिन्याला, कठड्याला, माझ्या उशीलासुद्धा तिळाचा वास आहे. मला तो फार आवडला. माझी मनगटे पाहून वहिनी म्हणाल्या की यांना आधी जेवू घाला, मग पोती उचलायला सांगा.

इथे फक्त तिळाचे तेल गाळतात. तेल निवळले की दादा एक चमचा वहिनींना देतो. त्यांनी मान हलवली तरच डबे भरायचे. तीळ किंचित खवट असला तरी त्यांना कळते. दुकान हिच्या जिभेवर चालते, असे दादा म्हणतो. मग जिभेला पगार लावा, असे वहिनी म्हणतात.

७ नोव्हेंबर
वहिनींची तब्येत दिसते तशी नाही. लग्नानंतर वर्षभरात सुरू झाले. अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात, दम लागतो. डॉक्टर म्हणतात, मूल नाही म्हणून मनाचा आजार आहे. शेजारीण म्हणते, खोलीच वाईट आहे. दादाने पलंग फिरवला, भिंतींना रंग दिला.

आता त्यांना जिना उतरवत नाही. चमचा वर नेण्याचे आणि स्वयंपाकाचे काम माझ्याकडे आले आहे. मी जिन्यात एक थेंबही सांडत नाही. दादाने पाठ थोपटली.

१५ नोव्हेंबर
मोटरीचा पट्टा तुटला. घाणा बंद. शिल्लक तेल गिऱ्हाइकांना गेले, म्हणून घरात सूर्यफुलाचे तेल आणावे लागले. घाणेवाल्याच्या घरी विकतचे तेल! दादाने पिशवी सदऱ्याखाली लपवून आणली. वहिनी हसून हसून खोकल्या.

२१ नोव्हेंबर
वहिनी बऱ्या आहेत. आज जिना उतरून खाली आल्या आणि दादाच्या हातातली केरसुणी काढून घेतली. रंग लागू पडला, असे दादा सगळ्यांना सांगतो आहे.

२४ नोव्हेंबर
पट्टा बसला. पहिल्या तेलाचा चमचा मी वर दिला आणि भांडी घासायला बसलो. थोड्या वेळाने खाजवण्याचा आवाज आला. खरवडल्यासारखा, थांबतच नव्हता. मी जाऊन पाहिले. पलंगावर वहिनींच्या साडीत दुसरेच कोणी बसले होते. डोळ्यांच्या जागी फटी. ओठ उलटलेले. त्या ओठांतून घरघरत “भाऊजी” असा आवाज आला. मी बाहेर पळालो आणि दाराला कडी लावली.

त्या वहिनीच होत्या. मला पाणी मागत होत्या.

दादाने कडी काढली. कडी कोणी लावली, हे त्याने विचारले नाही.

२६ नोव्हेंबर
खोली तीच, रंग तोच. बदलले ते फक्त तेल. दादाला सांगितले. तो म्हणाला, “आपण दोघं याच तेलावर वाढलो. तीळ कधी कुणाला बाधतो का? सातवी नापास तू, डॉक्टरांना शिकवणार?” रागाने नाही, हसून म्हणाला. मी पण हसलो. का हसलो?

२७ नोव्हेंबर
चमचा मोरीत ओतला. खाली जाऊन सांगितले, वहिनींनी मान हलवली. स्वयंपाक सूर्यफुलाच्या उरलेल्या तेलात केला. वहिनींना यातले काही ठाऊक नाही. वाटले, त्यांना सांगावे. मग त्या दादाला विचारतील. नको.

३ डिसेंबर
वहिनींची सूज गेली. तुमच्या हाताला गुण आहे, असे त्या म्हणाल्या. मला त्यांच्याकडे पाहवेना.

५ डिसेंबर
बेकरीवाल्याने सगळे डबे परत आणले. तेल खवट. “तुमच्या बायकोची जीभ मेली का हो?” असे त्याने चारचौघांत विचारले. दादाची मान खाली. मग त्याने माझ्याकडे पाहिले — तिने खरेच चाखले होते ना?

मी हो म्हणालो.

६ डिसेंबर, सकाळ
आज दादा चमच्याबरोबर वर आला. माझ्यासमोर दे, म्हणाला. बोललो असतो तर खोटे उघडे पडले असते. वहिनींनी माझ्याकडे पाहून तोंड उघडले. “द्या भाऊजी. कालची अब्रू भरून काढते.”

मी दिला. ठाऊक असून दिला. एक थेंबही सांडला नाही.

६ डिसेंबर, दुपार
पुन्हा तो चेहरा. या वेळी मी पळालो नाही, एवढेच. डॉक्टर घरी नाहीत, निरोप ठेवला आहे. दादाने मला उशाशी बसवले आहे. श्वास शिट्टीसारखा — मधेच थांबतो —

त्या माझा हात सोडत नाहीत. डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर वाईट येते.

दादा खाली गेला — रडत होता — कोमट तेल आणतो म्हणाला, घसा मोकळा होईल —

मी ऐकले. तेव्हाच बोलायचे होते. तो दारात होता —

नखे निळी —

वाटी कठड्याला लागल्याचा आवाज आला. दादा जिन्यावर आहे. मी इथे लिहीत काय बसलो आहे. उठून आडवे व्हायचे, वाटी हिसकायची, सांगायचे की दादा, मी सकाळी जाणूनबुजून —

दारात आला. वाटी भरलेली. मला म्हणतो, हिचे डोके उचलून धर. मी

मी धरले